पांढरीचा रंग

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या आधीं आमच्या नांदेडच्या घरास आंतून रंग द्यावयाचा असें ठरलें. घर बांधून चौदा वर्षें झालीं होतीं, भिंतींवरील फिकट हिरवा रंग ठिकठिकाणीं उडाला होता, आणि खिडक्यांखालीं पावसाळ्यांत उमटणारे ओलाव्याचे डाग आतां बारमाही झाले होते. रंगाच्या दुकानांतून माझ्या मुलीनें नमुन्यांचें एक जाडजूड पुस्तक घरीं आणलें. त्यांत लहान लहान शेंकडों चौकोन होते आणि प्रत्येकाखालीं एकेक इंग्रजी नांव. कोणतें वाळवंटावरून घेतलेलें, कोणतें ओटच्या दाण्यावरून, कोणतें समुद्रकांठच्या शिंपल्यावरून. पुष्कळ पानें उलटून तिनें एका चौकोनावर बोट ठेवलें. तो रंग पांढरा नव्हता, पिवळा नव्हता, करडाही नव्हता. तिहींचा थोडाथोडा अंश घेऊन सिद्ध झालेला, उबदार तरी अंगावर न येणारा असा तो होता. "सध्यां सगळीकडे हाच देतात, बाबा," ती म्हणाली. रंगाऱ्यानें दिवाणखान्याच्या भिंतीवर हातभर रुंदीचा एक पट्टा ओढून दाखविला. माझी आई शेजारीं खुर्चीवर बसली होती. तिचें वय चौऱ्यायशीं. तिनें त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलें आणि ती म्हणाली, "हे तर पांढरीचंच हाय. हा रंग नगं मला घरात."

मुलीस त्या वाक्यांतील 'पांढरी' हा शब्दच कळला नाहीं. मला शब्द कळला, आणि नकारामागील कारणही कळलें. पण मुलीस समजावून सांगूं लागलों, तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, एका भिंतीच्या रंगाची हकीकत सांगावयाची तर अजिंठ्यापासून किल्लारीपर्यंतचा मराठवाडा सांगावा लागतो. तीच हकीकत येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

मराठी मुलखांत गांवच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग मानीत आले आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत ही जोडी वारंवार भेटते, आणि अजूनही खेड्यांतील वृद्ध माणूस गांवठाणास 'पांढरी' म्हणतो. हें नांव केवळ सोयीसाठीं पडलेलें नाहीं. मराठवाड्याची काळी जमीन कापसास आणि ज्वारीस कितीही उपकारक असली, तरी घराच्या पायास ती वैरीण आहे. पावसांत ती फुगते, आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उभी केलेली मातीची भिंत दोन-चार वर्षांत तडकल्यावांचून राहात नाहीं. म्हणून वस्ती करणारानें चुनखडीचा अंश असलेली, फिकट रंगाची, न फुगणारी जागा शोधली, आणि तिचीच माती उकरून भिंती रचिल्या.

परंतु पांढरीचा पांढरेपणा निसर्गानें दिला तितकाच माणसानेंही दिला आहे. मातीचें घर शंभर-दीडशें वर्षांनीं खचतें. त्याच्याच मातीवर नवें घर उभें राहतें. चुलीची राख, गुरांचें शेण, धान्याचा कोंडा, फुटकीं मडकीं हीं सर्व तिच्यांत मिसळत जातात. अशा रीतीनें शतकानुशतकें वाढत गेलेलीं टेकाडें तेर, पैठण, भोकरदन अशा जुन्या गांवीं आजही दिसतात. उत्खनन करणारे पंडित त्यांना पांढरीचीं टेकाडें असेंच म्हणतात, आणि त्यांच्या पोटांत सातवाहनांच्या काळचे मणी व खापरें सांपडतात. जवळपासचे शेतकरी हीच माती खत म्हणून गाड्या भरभरून काळींत नेऊन टाकीत. पणजोबांच्या घराची भिंत पणतवाच्या शेतांत ज्वारीस खत म्हणून पडावी, किंवा पणतवाच्या भिंतीवर पुन्हां लेप म्हणून चढावी, असा हा फेरा होता. त्या मातीचा रंग नांवाप्रमाणें शुभ्र नव्हे. ओली असतां ती भुरकट दिसते आणि वाळली म्हणजे किंचित् पिवळसर, राखेची झांक असलेली, साईसारखी होते. दुकानदाराच्या पुस्तकांतील तो चौकोन हाच.

ह्या रंगाचें घर कसें रचीत, तें आतां नागर वाचकांस सांगावयास हवें. दगडमातीच्या दीड ते तीन फूट जाडीच्या भिंती. आंत सागवानी किंवा बाभळीचे खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा. त्यांवर निंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हें माळवद. वैशाखांतल्या दुपारीं नांदेडचा पारा बेचाळीस अंशांपलीकडे गेला तरी अशा घरांत गारवा असे. जाड मातींतून उष्णता फार मंद गतीनें आंत शिरते. ती आंत पोंचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि मग घरचीं माणसें माळवदावर अंथरुणें टाकून चांदण्यांत झोंपतात. उजेड साण्यांतून आणि दारांतून येई तेवढाच. त्या थोड्या उजेडांत काळी किंवा उघड्या दगडाची भिंत घर अंधारें करती, आणि झगझगीत पांढरी भिंत बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांस टोंचती. पांढरीचा लेप हा दोहोंमधला मार्ग होता.

तो लेप देण्याचें काम बायकांचें. आमच्याकडे त्यास पोतारणें म्हणतात. भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या आधीं, आणि पुन्हां घटस्थापनेच्या आधीं, घरोघर पांढरी माती पाटींतून येई. ती रात्रभर भिजत घालावयाची, खडे बसूं द्यावयाचे, वरचें दुधासारखें पाणी फडक्यांतून गाळून घ्यावयाचें, आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा बुडवून भिंतीवर अर्धवर्तुळाकार हात फिरवावयाचा. हाताच्या पोंचेएवढ्या त्या कमानी एकीवर एक चढत जात, आणि वाळल्यावरही तिरप्या उजेडांत स्पष्ट दिसत. कोणती भिंत सासूनें पोतारली आणि कोणती सुनेनें, हें कमानींच्या वळणावरून ओळखतां येई असें माझी आई सांगते. खालीं जमिनीलगत वीतभर गेरूचा किंवा शेणाचा पट्टा, म्हणजे केरसुणीचा आणि शिंतोड्यांचा डाग दिसूं नये. दाराच्या दोन्हीं अंगांस गेरूनें काढलेलीं बोटें. खर्च म्हणाल तर शून्य. वेळ दोन दिवस. ही कला होती असें म्हणणारास त्या बायका हंसल्या असत्या. परंतु वर्षांतून दोन वेळां प्रत्येक घराची भिंत हातानें चांचपून पाहिली जाई, तिची भेग, तिचा लोणा, तिचें उंदराचें बीळ घरच्या माणसाच्या बोटांस कळे, हा तिचा मोठा लाभ होता.

ह्या गोष्टी खेडवळ म्हणून बाजूस सारणाऱ्यांनीं एकदां अजिंठ्याच्या भिंतींकडे पहावें. जगानें ज्यांची वाखाणणी केली तीं चित्रें कशावर काढलेलीं आहेत? खडकावर मातीचा गिलावा. त्यांत भाताचा कोंडा, गवताचे आणि वनस्पतींचे तंतु. वरून चुन्याचा पातळ हात. रंगांपैकीं तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, पांढरा म्हणजे चुना वा पांढरी माती, काळा म्हणजे काजळी. फक्त निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, म्हणजे परदेशांतून आलेला. वाकाटकांच्या काळचा चित्रकार आणि औसा तालुक्यांतील माझी मामी ह्या दोघांचें सामान, तो एक निळा रंग वगळला, तर बहुतेक एकच होतें.

मातीनंतर चुना. दख्खनच्या ओढ्यानाल्यांच्या कांठीं चुनखडीचे खडे विपुल मिळतात. ते भट्टींत भाजावयाचे, पाण्यांत विरवावयाचे आणि बैलाच्या घाणींत वाळूबरोबर मळावयाचे. चुन्याचा गुण असा कीं, भिंतीवर चढल्यावर तो हवेंतील कर्बवायु शोषून घेऊन पुन्हां दगड होतो. कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांतले महाल, गांवोगांवच्या गढ्या, देशमुख-देशपांड्यांचे वाडे हे आंतून चुन्याचे. १७६० च्या लढाईमुळें इतिहासांत गाजलेल्या उदगिराच्या किल्ल्यांत आज फिरतांना पडक्या दालनांच्या भिंतींवर हा गिलावा जागोजाग दिसतो. तोही शुभ्र नाहीं. खड्यांच्या चुन्यांत मातीचा आणि लोहाचा अंश राहातो, त्यामुळें त्यावर मोतिया झांक येते. नांदेडास सचखंड गुरुद्वाराची इमारत १८३२ ते १८३७ ह्या वर्षांत महाराजा रणजितसिंहांच्या साह्यानें उभी राहिली, आणि आज ती शुभ्र संगमरवराची व सोन्याची म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तथापि तिच्या भोंवतालच्या जुन्या वस्तींत अजून एखादा वाडा उरला असेल, तर त्याच्या ओसरीवरील चुन्याचा रंग गाईच्या तुपाकडे झुकणारा आढळेल.

येथें थोडें रंगांच्या नांवांविषयीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा प्रदेश निजामाच्या अमलाखालीं होता, आणि दरबारची भाषा प्रथम फारसी व पुढें उर्दू. ह्या राजवटीनें आम्हांस काय काय सोसावयास लाविलें, त्याचा इतिहास अन्यत्र लिहिलेला आहे. पण रंगांचीं कांहीं फार सुंदर नांवें त्या भाषांनीं मराठीस दिलीं, हेंही खरें. बदामी, मोतिया, शरबती, खाकी. ह्यांपैकीं खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ ह्यावरून आलेला आहे, आणि सरहद्दीवरील इंग्रज पलटणींनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो उचलल्यावर तो जगभर गेला. फ्रेंचांचा जो 'बेज' आज सर्व रंगवाल्यांच्या तोंडीं आहे, तो मुळांत न रंगविलेल्या लोकरीचा रंग. म्हणजे आपल्या धुळीचें, आपल्या मेंढ्यांचें, आपल्या भिंतीचें नांव प्रत्येक समाजानें ह्याच एका उबदार, मधल्या रंगास दिलें. मराठीचें वैशिष्ट्य एवढेंच कीं, ह्या एकाच छटेस तिनें दोन प्रकारचे शब्द ठेवले. चेहऱ्यावर ती असली तर 'गव्हाळ' म्हणून कौतुक, आणि कपड्यावर असली तर 'मातकट' म्हणून नाक मुरडणें. भिंतीच्या नशिबीं पुढें दुसरा शब्द आला.

तो कसा आला? माझ्या मतें आगगाडीबरोबर. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडास जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडावरून सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ त लातुरास पोंचली. लातूर ही व्यापारपेठ झाली. १९१७ त गंजगोलाईची इमारत उभी राहिली आणि तिच्या भोंवतीं सोळा रस्ते फुटले. गंजांत व्यापाऱ्यांचीं पक्कीं घरें झालीं, त्यांस पक्का चुना आला, आणि चुन्यांत नीळ आली. नीळ कशासाठीं? पिवळटपणा मारण्यासाठीं. पिवळसर पांढऱ्यांत निळा थेंब पडला कीं डोळा फसतो आणि तो रंग अधिक शुभ्र वाटतो. धोब्याची नीळ हेंच करते. परंतु ह्या एका थेंबानें घराचा स्वभाव बदलला. आजवर पांढरेपणा उबदार होता, तो आतां थंड झाला. आणि जो रंग सर्वांच्या घरीं होता, तो गरिबीची खूण ठरला. प्लेगच्या सांथींत, १८९६ नंतर, मुंबईकडे सरकारनें घरोघर चुना मारविला, तेव्हांपासून पांढरा म्हणजे निरोगी, आणि मातकट म्हणजे रोगट, ही समजूत शिकलेल्या लोकांत दृढ झाली. चुन्यानें जंतु मरतात हें खरें आहे. निळीनें मरत नाहींत.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९४२ त मुंबईस चार मित्रांनीं एशियन पेंट्सची स्थापना केली. १९५४ त आर. के. लक्ष्मण यांनीं काढलेला हातांत कुंचला घेतलेला गट्टू नांवाचा खट्याळ मुलगा तिचें चिन्ह झाला, आणि डिस्टेंपरचे डबे तालुक्याच्या गांवींही मिळूं लागले. मराठवाड्यांतील मध्यमवर्गानें पिस्त्याचा हिरवा, आकाशी आणि गुलाबी हे तीन रंग आपलेसे केले. कचेऱ्यांनीं आणि शाळांनीं खालीं गर्द तेलरंगाचा पट्टा आणि वर चुना असा संप्रदाय पाडला. तेलरंगांत शिशाचा अंश असे, आणि तो मुलांच्या मेंदूस घातक आहे, हें आपल्या कायद्यानें फार उशिरां मानलें. शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असूं नये, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणून जुना तेलरंग कोरडा घांसून काढूं नये, पाण्यानें ओला करून काढावा. आणि त्या वेळीं लहान मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये.

आतां आईच्या नकाराकडे येतों.

१९९३ सालीं २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपति विसर्जन करून लोक उशिरां झोंपले. ३० तारखेस पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीच्या परिसरांत, भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारें ६.२ होती. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें ही कांहीं फार नव्हे. पण त्याचा उगम जमिनीखालीं फार उथळ होता, आणि हा प्रदेश तर तोंवर भूकंपाच्या नकाशांत सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या भागांत मोडत असे. निरनिराळ्या नोंदींप्रमाणें आठ ते दहा हजार माणसें गेलीं. हीं माणसें भूमीनें मारलीं नाहींत, घरांनीं मारलीं. दगडाच्या दुहेरी भिंती, दोन थरांस सांधणारा आडवा लांब दगड नाहीं, मध्यें नुसती मातीची भर. धक्का बसतांच दोन्हीं थर फुगून अलग झाले. वर माळवदाची दीड-दोन फूट माती. गळूं नये म्हणून दरसाल पावसाळ्यापूर्वीं घरधनी माळवदावर नवी माती टाकी, आणि जुनी काढून टाकण्याची चाल नव्हती. आजानें टाकली, बापानें टाकली, मुलानें टाकली. घराची तीन पिढ्यांची काळजी त्या छपरावर साठत गेली होती, आणि ती एका क्षणांत खालीं आली. त्याच गांवांत ज्यांना माळवद परवडत नसे, त्यांच्या गवताच्या आणि पत्र्याच्या झोंपड्यांतील माणसें पुष्कळ वांचलीं.

मी त्या वेळीं तेवीस वर्षांचा होतों. माझें आजोळ औसा तालुक्यांत. तिसऱ्या दिवशीं भर पावसांत तेथें पोंचलों. मामांच्या वाड्याची एक भिंत तेवढी उभी होती. दोन आठवड्यांपूर्वीं महालक्ष्म्यांसाठीं मामीनें ती पोतारली होती. तिच्या हाताच्या कमानी जशाच्या तशा होत्या, आणि कोनाड्यांत दिव्याची काजळी होती. मामा आणि मामी दोघेंही गेलीं होतीं. आई माझ्या आधींच, दुसऱ्या दिवशीं, येऊन पोंचली होती. ढिगाऱ्यांतून काढलेलीं माणसें तिनें पाहिलीं. तिनें तें मला एकदांच सांगितलें: कोण बाई, कोण बुवा, कोण आपलं, कोण परकं, कळेना; सगळ्यांवर पांढरीची माती, सगळ्यांचा रंग एकच.

पुढें १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झाला. बावन्न गांवें नव्या जागीं संपूर्णपणें वसविण्यांत आलीं, आणि इतर असंख्य घरांची जागच्या जागीं दुरुस्ती व बळकटी झाली. नव्या गांवांस रुंद सरळ रस्ते मिळाले, घरांस सिमेंटच्या भिंती व स्लॅब मिळाले. २००२ च्या सुधारित नकाशांत हा प्रदेश तिसऱ्या भागांत आला. अभियंत्यांनीं शिकविलेल्या गोष्टी साध्याच होत्या: भिंतीच्या दोन्हीं थरांस सांधणारे लांब दगड घाला, दारांखिडक्यांच्या माथ्यावर घराभोंवतीं फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला, माळवदाची माती कमी करा. त्यांत माती हा पदार्थ त्याज्य आहे असें कोठेंच नव्हतें. पण भ्यालेल्या माणसास एवढा भेद करावयास सवड नसते. मातीच्या घरांत निजावयास कोणी धजेना. ऐपत असो वा नसो, जो तो स्लॅबच्या मागें लागला. नव्या घरांवर गुलाबी, हिरवे, जांभळे रंग चढले. भिंत मातीसारखी दिसूं नये, हाच त्यांचा हेतु. वैशाखांत तेंच स्लॅब रात्रभर तापलेलें राहातें, म्हणून लोक पुन्हां अंगणांत निजतात. तथापि त्यांना कोणी हंसूं नये.

आणि आतां, तीस वर्षांनीं, पांढरीचा रंग डब्यांत भरून परत आला आहे. तो आमच्या खेड्यांतून आलेला नाहीं; परदेशी मासिकें, मोठ्या शहरांतील सजावटकार आणि भ्रमणध्वनीवरील चित्रें ह्यांच्या द्वारें आलेला आहे. माझी विद्यार्थिवर्गाची सवय अशी कीं, अशा वेळीं मी उपहास करूं लागतों. पण पुष्कळ विचारांतीं मला वाटतें कीं, मुलीची निवड मुळांत बरोबर होती. आमच्या ऊन पडणाऱ्या प्रदेशास हाच रंग मानवतो. शहाबादी फरशी, सागवानी दार, तांब्यापितळेचीं भांडीं ह्या आमच्या घरांतील नित्याच्या वस्तु त्याच्यावर उठून दिसतात. ज्यांस घर रंगवावयाचें आहे त्यांनीं मात्र चार गोष्टी पाळाव्या. पुस्तकांतील चौकोनावर विश्वासूं नये. भिंतीवर हातभर पट्टा ओढून तो सकाळीं, भर दुपारीं आणि दिव्याच्या उजेडांत पहावा, कारण पांढऱ्याशुभ्र दिव्याखालीं हाच रंग प्रेतवत् दिसतो आणि पिवळसर दिव्याखालीं जिवंत होतो. पश्चिमेच्या खोलींत पिवळा अंश कमी घ्यावा, उत्तरेच्या खोलींत थोडा अधिक. चकाकणारा रंग टाळावा. आणि घर खरोखरच मातीचें असेल, तर त्यावर प्लॅस्टिकचा रंग कदापि देऊं नये. मातीच्या भिंतीस श्वास लागतो, आंतला ओलावा कोंडला कीं गिलावा सुटतो. तेथें चुन्यांत चिमूटभर पिवळी माती मिसळून दोन हात दिले तर तोच रंग कवडीमोलानें मिळतो.

हें सर्व मीं त्या दिवशीं आईसही सांगितलें. लांब दगड, काँक्रीटचा पट्टा, माळवदाचें वजन. रंगाचा ह्यांत अपराध नाहीं, असें मीं तिला समजावूं पाहिलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. "भिंतीनं मारलं, रंगानं नाही, हे मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू शिकलेला हाईस, तुला भिंत दिसती. मला तो रंग दिसला की ती माणसं दिसत्यात." ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. इतिहास शिकविणारास कारणें ठाऊक असतात. त्या पहाटे जिच्या घरचीं माणसें गेलीं, तिच्या डोळ्यांपुढें काय उभें राहातें, तें कारणांनीं पुसलें जात नाहीं.

शेवटीं तडजोड झाली ती आजी आणि नात ह्या दोघींनींच केली. मला त्यांत विचारलें नाहीं. दिवाणखान्यास नातीचा रंग. आजीच्या खोलींत चुना, आणि त्यांत नीळ. रंगारी कुरकुरला, डिस्टेंपरवर चुना धरत नाहीं म्हणून त्याला जुना रंग सगळा खरवडून काढावा लागला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं काम पुरें झालें. सायंकाळीं दिवे लागल्यावर आई काठी टेंकीत दिवाणखान्यांत आली, नव्या भिंतीपाशीं थोडी थांबली आणि तिनें तिच्यावर तळहात ठेवून तो अर्धवर्तुळांत हळूच फिरविला.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "बोटं उमटत नाहीत."